तिकीट काढल्यावर भाडं उतरलं, फरक परत मागता येईल का?

प्रश्न: भाचीच्या लग्नासाठी पुणे-दिल्लीची चार तिकिटं एका पोर्टलवरून काढली, प्रत्येकी 7,850 रुपयांना. 'या दरात फक्त 4 सीट शिल्लक' असं लाल अक्षरांत येत होतं, म्हणून घाई केली. तीन आठवड्यांनी तेच विमान 5,100 ला दिसतंय. 11,000 रुपये परत मिळतील का? की रद्द करून नवी काढू? आमचे हे म्हणतात, सरळ ग्राहक मंचात जा. (एक वाचक, सातारा)

उत्तर: ताई, आधी विनंती, रद्दच्या बटणाला हात लावू नका.

तुम्ही पाठवलेल्या तिकिटावर रद्द केल्यास कंपनीची कपात 4,300 आणि पोर्टलची 400 लिहिली आहे. माणशी जाणार 4,700, वाचणार 2,750. म्हणजे चौघांत मिळून 7,800 रुपयांना फटका. भाडं 3,150 च्या खाली उतरलं, तरच रद्द करण्यात अर्थ आहे.

फरक मात्र कायद्याने मिळत नाही. करार कायदा, 1872 च्या कलम 25 चं स्पष्टीकरण सांगतं, की राजीखुशीने केलेला करार केवळ मोबदला पुरेसा नाही म्हणून रद्दबातल ठरत नाही. शिवाय 1994 मध्ये विमानसेवा सरकारी कंपन्यांच्या हाती ठेवणारा एअर कॉर्पोरेशन्स कायदा गेला आणि भाडं ठरवणं कंपन्यांच्या हाती आलं. उद्या भाडं 12,000 झालं असतं, तरी कंपनीला तुमच्याकडे जादा पैसे मागता आले नसते. त्याच कराराने तुम्हीही बांधलेल्या आहात. बुकिंगनंतर अगदी सुरुवातीला बिनदंड रद्द करण्याची मुभा असते, पण ती वेळ केव्हाच टळली.

तुमच्या हक्काचं जे आहे, ते मात्र सोडू नका. लग्नघरात ऐनवेळी कुणाचं तरी जाणं रद्द होतंच. डीजीसीए, म्हणजे विमानसेवेवर देखरेख ठेवणारी सरकारी यंत्रणा, तिच्या नियमानुसार रद्द करण्याची कपात मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क तर तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी परत द्यावं लागतं, प्रवासी विमानतळावर पोचलाच नाही तरीही. बहुतेक लोक हे पैसे मागतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. पैसे घ्यायचे की क्रेडिट (पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडे जमा रक्कम), हे तुम्ही ठरवायचं, कंपनीने नाही. पोर्टलकडे बोट दाखवून कंपनीला हात झटकता येत नाहीत. परताव्याची जबाबदारी तिचीच. आणि कंपनीने स्वतःच विमान रद्द केलं, तर पूर्ण पैसे मागा.

ती लाल ओळ मला खटकते. खोटी घाई लावणं हे केंद्राच्या 2023 च्या 'डार्क पॅटर्न' (ऑनलाइन ग्राहकाला फसवणाऱ्या क्लृप्त्या) मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुचित आहे. पण एकाच विमानात वेगवेगळ्या दरांचे गट असतात, त्यामुळे त्या दराच्या चारच सीट खरोखर उरलेल्या असू शकतात. ओळ खोटी होती हे दाखवायला स्क्रीनशॉट हवा. तो असेल, तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यावर काही झालं नाही, तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल. दिल्ली-मुंबई गाठायची गरज नाही, 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. स्क्रीनशॉट नसेल, तर यजमानांना सांगा, नुसतं भाडं उतरलं म्हणून केलेला दावा तिथे टिकणार नाही.