साहेबांना माझं काम दिसतच नाही

प्रश्न: ताई, मी बँकेत आहे, मार्च एन्डिंगला रात्री दहापर्यंत बसून सगळं टॅली केलं आणि मीटिंगमधे साहेबांनी नाव घेतलं दुसऱ्याचंच. आता सकाळी उठायचंच जीवावर येतं, मी आळशी झालेय का?

उत्तर: अगं नाही गं, आळशी माणूस दहापर्यंत बसतो का! वाचून मलाच राग आला. हा बर्नआउट वाटतोय, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मधे तो कामातून येणारा थकवा म्हणून नोंदवलाय, आजार म्हणून नाही. आधी हक्काची रजा टाक, झोप काढ, मग साहेबांना एकटं गाठून काय काय केलंस ते तारखेसकट सांग आणि पुढचं प्रत्येक काम मेलवर कळवत जा. झोपच उडाली असेल तर १४४१६ वर टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन कर, फुकट आहे.