फॉर्मवर पाचपैकी पाच, लाईनवर मात्र तेच

प्रश्न: चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत ट्रेनिंगचं बघते. दोनेकशे कामगार, महिन्याला दोन-तीन ट्रेनिंग होतात. संपलं की फीडबॅक फॉर्म वाटते, सगळे पाचपैकी पाच देतात, सूचनांच्या रकान्यात 'छान होतं' नाहीतर 'चहा गार होता'. रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास होणारे पार्ट, काही कमी होत नाही, साहेब म्हणतात मग खर्च कशाला करायचा. खरा फीडबॅक कसा मिळवू? फॉर्मवर नाव लिहायला लावू का?

उत्तर: ताई, तो चहावाला फॉर्म जपून ठेवा, अख्ख्या गठ्ठ्यात तेवढंच एक खरं लिहिलंय! बाकीच्यांचं म्हणाल तर शिफ्ट सुटलेली, बाहेर बस हॉर्न देतेय, ट्रेनर समोर उभा आणि चौघांत मिळून एक पेन, अशा वेळी तुम्ही-मी तरी दुसरं काय लिहिलं असतं.

अमेरिकेतल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये ट्रेनिंग तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या, लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामात वापरतात का, आणि त्याने कंपनीचं काही सुधारलं का. तुमचा फॉर्म पहिल्या पायरीवरच आहे आणि साहेब हिशोब मागतायत चौथीचा. माझं विचाराल तर सगळी गोम तिसरीत असते आणि तिथे कोणी फिरकतच नाही.

मी स्वतः हे एका कारखान्यात बघितलंय. मायक्रोमीटर, म्हणजे पार्टचं बारीक माप घ्यायचं साधन, कसा धरायचा, झिरो कसा चेक करायचा यावर ट्रेनिंग झालं, फॉर्म सगळे फर्स्ट क्लास. महिन्याभराने आम्ही एकच प्रश्न विचारला, 'शिकलेलं वापरताना काय आडवं येतं?' एकाने लिहिलं, 'मायक्रोमीटर कपाटात, किल्ली सुपरवायझरकडे, सेकंड शिफ्टला सुपरवायझर नसतो.' झालं! आम्ही ट्रेनर बदलायला निघालो होतो, बदलायची होती किल्लीची जागा.

म्हणून फॉर्म चार-सहा आठवड्यांनी द्या, तोही कामाच्या वेळेत, आणि तीनच प्रश्न ठेवा: यातलं काय वापरलं, काय वापरता आलं नाही, का. सोपं मराठी लिहा, अर्धे लोक हिंदी बोलणारे असतील तर हिंदीतही छापा. ज्यांना लिहायचा कंटाळा येतो त्यांच्याशी मशीनपाशी जाऊन दोन मिनिटं बोला, तिथे जे कळतं ते हॉलमध्ये कळत नाही.

नाव अजिबात नको. आणि नाव न विचारता मशीन नंबर, वय, सर्व्हिस किती वर्षं असं विचारलंत तर बारा जणांच्या शिफ्टमध्ये ते नाव विचारल्यासारखंच झालं, शिवाय सुपरवायझर अक्षर ओळखतो ते वेगळंच. पेटी कँटीनजवळ ठेवा, त्याच्या टेबलावर नको. गुगल फॉर्म चालेल, पण ईमेल गोळा करायचं सेटिंग आधी बंद करा, लोक आधी तेच बघतात.

आलेलं वाचून फायलीत गेलं तर पुढच्या खेपेला परत पाचपैकी पाच. नोटीस बोर्डावर लावा, तुम्ही हे लिहिलं, हे केलं, हे जमणार नाही कारण अमुक. पहिल्या यादीत चहाचा थर्मास टाका, स्वस्तात होतं आणि लोकांना कळतं की कोणीतरी वाचतंय.

साहेबांसाठी सगळ्या प्लांटचा आकडा काढत बसू नका, एकच पार्ट धरा, ट्रेनिंगच्या आधीचे दोन महिने आणि नंतरचे दोन महिने त्याचं रिजेक्शन शेजारी मांडा. मधेच मटेरियल किंवा टूल बदललं असेल तर तेही त्याच कागदावर लिहा, नाहीतर क्वालिटीवाले पहिल्याच मीटिंगला पकडतील.