गॅलरीत पाच वर्षांचे बाप्पा एकाच दिवशी

प्रश्न : दादा, नवीन फोन घेतला. जुन्यातले व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो आधी कॉम्प्युटरवर काढले नि तिथून केबलने नव्यात टाकले, तर २०१७ पासूनचे सगळे फोटो कॉपी केल्याच्या तारखेलाच येऊन बसलेत. पाच वर्षांचे गणपती, भाच्याची मुंज, आजीची पंच्याहत्तरी, सगळी खिचडी. फाईलच्या नावात तारीख आहे की! एकेक करून बदलत बसले तर जन्म जाईल.
– एक वाचक, लालबाग

उत्तर : जन्म नाही जाणार ताई, पण आधी अख्ख्या फोल्डरची एक कॉपी दुसऱ्या ड्राइव्हवर काढून ठेवा, मगच हात लावा.

झालंय काय, तर कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या पोटात एक्झिफ नावाची माहिती असते, कधी काढला ते त्यात लिहिलेलं असतं आणि गॅलरी आधी ते बघते. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना ती माहिती काढून टाकतं. मग गॅलरी फाईलची मॉडिफाईड तारीख, म्हणजे फाईल शेवटची कधी बदलली ती, धरते, आणि ती केबलने कॉपी करताना बरेचदा आजची होऊन जाते. नावाकडे बघायचे कष्ट बहुतेक गॅलऱ्या घेत नाहीत.

आता नाव बघा, आयएमजी-२०१९०९१२-डब्ल्यूए००३४. आधी साल, मग महिना, मग दिवस, म्हणजे १२ सप्टेंबर २०१९, त्या वर्षीची अनंत चतुर्दशी, तुमच्याकडचा म्हणजे मिरवणुकीचाच असणार! शेवटचं ००३४ ही वेळ नव्हे, नुसता अनुक्रमांक आहे. हे सांगतोय कारण एक्झिफटूल (फिल हार्वी यांचं फुकट सॉफ्टवेअर, विंडोज-मॅक-लिनक्स सगळीकडे चालतं) नावातले आकडे ओळीने उचलतं, त्याला नुसतं 'नावातून तारीख घे' म्हटलं तर ००३४ म्हणजे रात्रीचे बारा चौतीस समजतं, आणि ००७५ आलं की अडतं, कारण पंचाहत्तरावं मिनिट आणायचं कुठून. म्हणून कमांडमध्ये डब्ल्यूएपासून पुढचं छाटायला सांगा आणि वेळ स्वतः द्या, दुपारी १२. रात्रीचे बारा अजिबात नको, आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, कुठल्या अ‍ॅपने वेळ तिकडच्या हिशोबात फिरवली की फोटो आदल्या दिवशी जातो. दुपारचे बारा साडेपाच तास पुढेमागे फिरवा, तारीख तीच राहते.

आणखी एक अट घाला, एक्झिफमध्ये तारीख आधीच असेल ती फाईल सोडून दे. पिक्सेल फोन तर नावात ग्रिनिचचीच वेळ लिहितो, पहाटे चारच्या काकड आरतीचा फोटो नावाप्रमाणे आदल्या रात्री साडेदहाचा होईल, आत बरोबर असलेलं उगाच बिघडवायचं कशाला?

तारीख लिहिताना एक्झिफमध्ये पण लिहा आणि मॉडिफाईडमध्ये पण. नुसती मॉडिफाईड बदलली तर पुढच्या फोनला पुन्हा हेच रडगाणं. व्हिडिओ नि स्क्रीनशॉटचं काम वेगळं करा, त्यांना मॉडिफाईड बदलली तरी गॅलरीपुरतं भागतं. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत कमांड टाईप करायला नको वाटत असेल तर अँड्रॉइडवर 'इमेज अँड व्हिडिओ डेट फिक्सर' अ‍ॅप आहे, तेही नावातून तारीख घेतं. काही केलं तरी आधी दहा-बारा फोटोंवर करून बघा.

एक मात्र लक्षात असू द्या, व्हॉट्सअ‍ॅपच्या नावातली तारीख ही फोटो तुमच्याकडे आल्याची. मामाने काल पाठवलेला आजीच्या लग्नाचा फोटो कालचाच दिसणार. असे फॉरवर्ड आधी वेगळे काढा, त्यांच्या तारखा घरातल्या मोठ्यांना विचारून हातानेच टाकाव्या लागतील.

प्रश्न : माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या फाईली नुसत्या डीएससी ००४५ अशा आहेत, नावात तारीखच नाही. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमचं सोपं आहे, एक्झिफमध्ये तारीख असणार, ती तिथून मॉडिफाईडमध्ये उतरवा, हवं तर नावातही घाला. फक्त कॅमेऱ्याचं घड्याळ तेव्हा बरोबर होतं ना ते एखाद्या वाढदिवसाच्या फोटोवरून ताडून बघा. चुकीचं निघालं तर एक्झिफटूल सगळ्या फोटोंची वेळ एकदम तेवढीच पुढेमागे सरकवून देतं.