विद्यार्थ्यांच्या डिझाइनला ओपन सोर्स प्रकल्पात जागा कशी मिळवून द्यावी?

आपण विचारले आहे की, पुण्यातल्या डिझाइन महाविद्यालयातील तिसऱ्या वर्षाच्या वीस विद्यार्थ्यांना एका सत्रात ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशा सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी खरे काम कसे करू द्यावे, आणि सुरुवात शनिवार-रविवारच्या एखाद्या स्पर्धेने करावी का. मी गेली सहा वर्षे, आधी कर्वेनगरला एका मैत्रिणीच्या घरी आणि आता एका ग्रंथालयाच्या वाचनकक्षात, डिझाइनर आणि प्रकल्प यांच्या गाठी घालून देत आले आहे. त्या अनुभवावरून स्पष्ट सांगते: स्पर्धेने सुरुवात करू नका. आधी मेंटेनरशी, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्या आणि बदल स्वीकारायचे की नाही हे ठरवणाऱ्या माणसाशी बोला.

पहिल्या वर्षी आम्ही नेमके उलटे केले होते. दहा-बारा जणांनी हिशेब ठेवण्याच्या एका छोट्या मुक्त ॲपचे रूप दोन दिवसांत पूर्ण पालटले आणि ३१ स्क्रीन तयार करून मेंटेनरकडे पाठवले. तीन आठवड्यांनी त्यांचे आपुलकीचे उत्तर आले की, काम देखणे आहे, परंतु ते कोडमध्ये उतरवायला त्यांच्यापाशी रविवारच्या सकाळखेरीज वेळच नाही. त्यांना काय हवे आहे हे न विचारताच आम्ही कामाला लागलो होतो.

दुसऱ्या खेपेस त्यांना एकच गोष्ट विचारली: सध्या तुमचे कशावाचून अडले आहे? मराठी निवडल्यावर बटणे विचित्र दिसतात अशा तक्रारी येतात, पण स्वतःला मराठी वाचता येत नसल्याने नेमके काय बिघडते ते कळत नाही, असे त्यांनी सांगितले. आमच्यातल्या एका विद्यार्थिनीने बचत गटाची वही लिहिणाऱ्या आपल्या मावशीच्या हाती ते ॲप दिले आणि शेजारी बसून फक्त पाहत राहिली. ‘पूर्वीच्या नोंदी’ या बटणापाशी मावशी थबकल्या. ‘पू’चा ऊकार खालून कापला गेला होता आणि ‘र्वी’वरचा रफार व वेलांटी वरून, बटणाची उंची रोमन अक्षरांच्या मापाने ठरवलेली होती. शिवाय ल आणि श हिंदी वळणाचे उमटत होते, कारण मजकूर मराठी आहे हे ॲप फॉन्टला सांगतच नव्हते. फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरे असली तरी भाषेची खूण मिळाल्याशिवाय ती पुढे येत नाहीत. तिने आधीचे व नंतरचे चित्र, बटणाची नेमकी उंची आणि भाषेची खूण कुठे घालावी, एवढेच एका इश्यूत, म्हणजे प्रकल्पाच्या तक्रारी व सूचनांच्या खुल्या यादीतल्या एका नोंदीत, लिहिले. चार दिवसांत बदल स्वीकारला गेला. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो.

मोठे बदल होतच नाहीत असे नाही. त्रिमितीय चित्रे व ॲनिमेशन करण्याचे मुक्त सॉफ्टवेअर असलेल्या ब्लेंडरने जुलै २०१९ मधल्या २.८० या आवृत्तीत सगळा इंटरफेस नव्याने मांडला आणि उजव्या क्लिकने निवड करण्याची जुनी रीत मोडून डावी क्लिक मूळ ठरवली. पण त्यासाठी आदल्या वर्षी डेव्हलपर अ‍ॅमस्टरडॅममध्ये एकत्र बसून महिनोन्‌महिने काम करत होते. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांनी तेवढी उडी घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

वीस जणांसाठी चार-पाच प्रकल्प पुरेत. प्रत्येक गटात संगणक अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी जरूर घ्या. पुण्यात ते मिळायला अडचण नाही, आणि त्याच्यामुळे डिझाइन चित्रातच अडकून राहत नाही. चर्चा प्रकल्पाच्या इश्यूंमध्येच व्हावी. व्हॉट्सॲप गटात झालेला निर्णय सहा महिन्यांनी येणाऱ्या माणसाला सापडत नाही, आणि मग तोच वाद पुन्हा होतो.

मूळ फाइल इतरांना उघडता यायला हवी, म्हणून पेनपॉट किंवा इंकस्केप ही डिझाइनची मुक्त साधने वापरा. त्यांतून मिळणारी एसव्हीजी ही चित्राची फाइल मुळात मजकुराची असल्याने तिच्यातले बदल गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, नोंदवता येतात. आयकॉन आणि चित्रे प्रकल्पाच्याच परवान्याखाली द्यायची आहेत, हे विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी समजावून सांगा आणि विद्यार्थ्यांच्या कामावर महाविद्यालय हक्क सांगते का, हे लेखी विचारून घ्या. बोधचिन्हाची स्पर्धा मात्र ठेवू नका: वीस जण राबतात, एकाचे काम घेतले जाते आणि एकोणीस जणांची मेहनत वाया जाते. योगदान देणाऱ्यांच्या यादीत डिझाइनरचे नाव कोड लिहिणाऱ्यांच्या बरोबरीने यावे, हे मात्र आग्रहाने मागा.

वेळापत्रकाकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. लिनक्स संगणकांवरच्या ग्नोम या डेस्कटॉपची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये येते, आणि प्रकाशनाच्या काही आठवडे आधी इंटरफेसमधले बदल थांबवले जातात. जानेवारीत सुरू झालेल्या सत्राचे काम मार्चच्या आवृत्तीत जवळजवळ कधीच बसत नाही. म्हणून प्रत्येक प्रकल्पाचे असे दिवस आधी पाहून घ्या आणि मेंटेनरना दिवाळीपूर्वीच पत्र लिहा. त्यात विद्यार्थी किती, ते आठवड्याला किती तास देतील आणि सत्र कधी संपेल हे सांगून एवढेच विचारा की, तुमचा कोणता प्रश्न डिझाइनवाचून अडला आहे आणि आमच्या कामावर शेवटचा शब्द कोणाचा असेल.