इंग्रजी आकडे ऐकताना आणि लिहिताना उलटसुलट होतात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलात, राहायला ऐरोलीला आहात आणि आता महापेला एका गोदामात ऑफिसचं काम मिळालंय. फोनवर कुणी ‘फिफ्टी टू’ म्हटलं की हातून २५ लिहिलं जातं. चेकवर अक्षरी रक्कम लिहायची म्हटली की कुणाला तरी गाठावं लागतं. तिशी उलटल्यावर हे जमेल का, असं विचारलंय.

जमेल, नक्की जमेल. मी ठाण्यात एका बँकेत काउंटरवर बरीच वर्षं बसते आहे. तोंडी हिशेबाला एकदम पक्की, पण इंग्रजी आकड्याला बिचकणारी माणसं रोज समोर येतात. त्यात हुशारी कमी असल्याचा काही संबंध नाही.

गोंधळ होतो तो क्रमामुळे. मराठीत आपण बावन्न म्हणतो, म्हणजे दोन आधी आणि पन्नास नंतर. लिहिताना मात्र ५ आधी. शाळेत हे इतकं घोटून घेतलेलं असतं की आपल्याला त्यात उलट काही वाटतच नाही. आता ‘फिफ्टी टू’ कानावर पडलं की मन त्याचं आधी बावन्न करतं, आणि घाईत हात त्यातला दोन पहिल्यांदा उचलतो. एकोणसाठची तऱ्हा आणखी वेगळी. त्यात ऐकू येतो साठ, आकडा असतो ५९. भरणा करायला आलेल्या माणसाने नोटा बरोबर मोजलेल्या असतात, स्लिपवर अंकात ५९,००० बरोबर असतं, आणि अक्षरी लिहिताना होतं सिक्स्टी नाइन थाउजंड. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसत्तर, सगळीकडे हेच. हे आकडे आले की जरा थांबायचं आणि अंकाकडे बघून लिहायचं, मनातल्या मराठी शब्दाकडे बघून नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. गणिताच्या अभ्यासक मंगला नारळीकर तेव्हा हीच अडचण समजावून सांगत होत्या. एकवीस, बावीस हे शब्द जावेत असं मला मुळीच वाटत नाही, ते आपलं धन आहे. पण अडचण खरी आहे.

उलट इंग्रजीत काम फार थोडं आहे. वनपासून नाइन्टीनपर्यंत १९ शब्द, ट्वेंटी ते नाइन्टी ८ शब्द. या २७ शब्दांत ९९ पर्यंतचं सगळं बसतं. वर हंड्रेड, थाउजंड, लाख आणि क्रोर हे चार. एवढ्या ३१ शब्दांवर बँकेचा सगळा व्यवहार चालतो. मराठीत शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा तुम्ही वेगळा पाठ केलाय, त्यापुढे हे काहीच नाही.

ऐकताना एक सवय लावून घ्या. मराठी करायचं नाही आणि पूर्ण आकडा संपायची वाटही बघायची नाही. ‘फिफ्टी’ ऐकलं की लगेच ५ लिहून टाकायचा. पुढे ‘टू’ आलं की २. काहीच आलं नाही तर शून्य. इंग्रजीत बोलायचा आणि लिहायचा क्रम एकच असल्यामुळे कानामागून हात चालत राहतो. अडतं फक्त थर्टीन ते नाइन्टीनमध्ये, कारण तिथे इंग्रजीही आपल्यासारखंच उलटं बोलतं. सिक्सटीनमध्ये सिक्स आधी येतो, म्हणून १६ चे ६१ होतात. ‘टीन’ ऐकलं की आधी १ लिहायचा, मग बाकीचं.

फोनवर सगळ्यात जास्त फसवतात ते फिफ्टीन आणि फिफ्टी. नीट ऐका: फिफ्टीनमध्ये शेवटच्या ‘टीन’वर जोर असतो आणि तो लांबतो, फिफ्टीत जोर ‘फिफ’वर असतो आणि ‘टी’ झटकन संपते. तरी लाइन खराब असली की कुणालाही कळत नाही. अशा वेळी सरळ विचारायचं, ‘वन फाइव्ह की फाइव्ह झीरो?’ आम्हीही बँकेत हेच विचारतो. मोबाइल नंबरही जोडीजोडीने घेऊ नका. एकेक अंक सांगायला सांगा आणि शेवटी सगळा परत वाचून दाखवा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, चुकीच्या पत्त्यावर माल गेला तर मात्र पंचाईत होईल.

सरावाला पैसे लागत नाहीत. ठाणे-बेलापूर रस्त्यावर एमएच ०४ आणि एमएच ४३ च्या गाड्या दिवसभर धावतात. बसमध्ये बसल्या बसल्या पाटीवरचे शेवटचे चार अंक दोन-दोन करून मनात इंग्रजीत म्हणायचे. ठाणे स्टेशनवर थांबलात तर घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हींत होतात. मराठी आधी कानावर पडलं तर इंग्रजी यायच्या आत आपण मनात म्हणून बघायचं. घरात इंग्रजी माध्यमातलं मूल असेल तर फारच चांगलं. त्याला एकोणऐंशी म्हणजे किती हे बहुधा माहीत नसतं. त्याने तुम्हाला इंग्रजीत आकडे सांगावेत, तुम्ही त्याला मराठीत, दोघांनी लिहावेत.

आता दीड, अडीच, सव्वा, पावणे. काउंटरवर एक गृहस्थ दीड लाखाचा चेक लिहीत होते. ‘वन अँड हाफ लाख’ लिहून त्यांनी पेन खाली ठेवलं, आणि काहीतरी चुकतंय हे त्यांचं त्यांनाच जाणवलं. चेकवर ते ‘वन लाख फिफ्टी थाउजंड ओन्ली’ असं हवं. या शब्दांचं इंग्रजी शोधत बसू नका, आधी आकडा अंकात मांडा. सव्वाशे म्हणजे १२५, पावणेदोनशे म्हणजे १७५, अडीच हजार म्हणजे २,५००, साडेबारा लाख म्हणजे १२,५०,०००. मग डावीकडून वाचत जायचं. परदेशी कंपनीचा कागद आला तर तीच शेवटची रक्कम १,२५०,००० अशी दिसेल, कारण ते हजारानंतरही तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देतात. १० लाखांचा एक मिलियन, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

स्पेलिंगमध्ये ठरावीक पाच-सहा जागीच माणसं अडतात. फोर आणि फोर्टीनमध्ये यू आहे, फोर्टीत नाही. फिफ्टीन आणि फिफ्टी एफ-आय-एफ ने सुरू होतात, फाइव्हचा व्ही तिथे येत नाही. एटीन आणि एटीत टी एकच. नाइन्टीन, नाइन्टीत नाइनचा ई टिकतो. आकड्यापुढे हंड्रेड आणि थाउजंडला एस लावायचा नाही. एका कार्डावर सगळे ३१ शब्द स्वच्छ लिहून चेकबुकात ठेवा. अशी कार्डं पुष्कळ लोक बाळगतात, मला ते फार आवडतं.

अंकही जपून काढा. मराठी १ घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी आठसारखा. एका रकमेत दोन्ही लिप्या मिसळायच्या नाहीत.

चेकबद्दल एक महत्त्वाचं. चेक ज्यात येतात त्या १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १८ प्रमाणे अंकी आणि अक्षरी रक्कम वेगळी असेल तर अक्षरी खरी धरायची. प्रत्यक्षात असा चेक बहुतेक वेळा न वटता परतच येतो. रकमेत खाडाखोडही चालत नाही. चुकलं तर तो रद्द करून नवा लिहायचा.

आणि तोवर कुणाला गाठत बसू नका. चेक मराठीतही लिहिता येतो, ‘एक लाख पन्नास हजार फक्त’ असं. रिझर्व्ह बँकेच्या नियमात ते बसतं. काउंटरवर कुणी कां-कू केली तर शाखेच्या मॅनेजरला भेटा.