समुद्रकाठचे शहर एकट्याने पाहायचे असेल, तर आधी भरती-ओहोटीची वेळ पाहावी

आपला प्रश्न असा आहे की, समुद्रकाठच्या एका शहरात चार दिवस एकट्यानेच जायचे आहे, पाहण्याच्या ठिकाणांची यादी तीसच्या घरात गेली आहे, तेव्हा दिवसांची आखणी कशी करावी आणि एकटे असल्यामुळे कोणती काळजी घ्यावी. गेली अनेक वर्षे मी बहुतेक प्रवास एकटीने केला आहे आणि त्यांत किनाऱ्यावरची शहरेच अधिक आहेत. त्या अनुभवावरून एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. अशा शहरातली आखणी ठिकाणांच्या यादीवरून करू नये, समुद्राच्या वेळापत्रकावरून करावी. सोबत मंडळी असली की सर्वांच्या जेवणाच्या आणि विश्रांतीच्या वेळा सांभाळाव्या लागतात, आणि पहाटे साडेपाचला ओहोटी आहे म्हणून कोणी सगळ्यांना उठवत नाही. एकट्या प्रवाशाला मात्र ते सहज जमते, आणि एकटे जाण्याचा सर्वांत मोठा लाभ माझ्या मते हाच आहे.

म्हणून तिकिटे काढल्यानंतर पहिले काम म्हणजे त्या बंदराचे त्या चार दिवसांचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहणे. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन वेळा भरती येते; दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटे जातात आणि त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा पाणी सर्वांत वर चढते आणि ओहोटीला सर्वांत दूर जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि हा फरक कमी होतो. जाण्याचे दिवस निवडणे आपल्या हातात असेल, तर मी अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस निवडेन, कारण एरवी पाण्याखाली असणारे खडक, जुने धक्के, वाळूचे पट्टे आणि बेटांकडे जाणाऱ्या वाटा तेव्हाच उघड्या पडतात. सगळीकडे हे सारखे नसते. भूमध्य समुद्रावरच्या बहुतेक शहरांत भरती-ओहोटीचा फरक फार थोडा असतो, त्यामुळे तिथे या कोष्टकाचा फारसा उपयोग नाही आणि वाऱ्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

याचे महत्त्व मला फ्रान्सच्या सां-मालो शहरात कळले. तिथे भरती आणि ओहोटी यांतला फरक उधाणाच्या दिवसांत 12 मीटरहून अधिक होतो. तटबंदीवरून चालताना सकाळी जिथे लाटा भिंतीवर आदळताना दिसल्या, तिथे दुपारी माणसे वाळूत फिरत होती आणि समोरच्या ग्रां-बे बेटापर्यंत दगडी वाट उघडी पडली होती. या बेटावर शातोब्रियां या फ्रेंच लेखकाची कबर आहे. 1848 मध्ये त्याला तिथे, समुद्राकडे तोंड करून, पुरण्यात आले. मी कोष्टक न पाहता, लोक जात आहेत म्हणून निघाले, कबरीपाशी बराच वेळ बसले आणि परत फिरले तेव्हा वाटेच्या मधल्या सखल भागात पाणी घोट्यापर्यंत आले होते. मी पार झाले, पण ते धाडस करायला नको होते. अशा वेळी योग्य गोष्ट म्हणजे बेटावरच थांबणे आणि पाणी पुन्हा ओसरेपर्यंतचे काही तास तिथेच काढणे. दोघे असतील तर एकजण दुसऱ्याला घड्याळाची आठवण करून देतो. एकट्याने ती आठवण मोबाइलच्या गजराला सांगून ठेवावी आणि गजर परतीच्या वेळेचा नव्हे, तर त्याच्या निदान एक तास आधीचा लावावा.

एक तास आधीचा का, हेही सांगते. ओहोटीनंतर पाणी सहा तास एकाच गतीने चढत नाही. दर्यावर्दी लोकांचा एक जुना आडाखा आहे: एकूण चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग चढतो. म्हणजे पहिला तास पाणी जवळजवळ जागचे हलत नाही असे वाटते, माणूस निर्धास्त होतो, आणि मधल्या दोन तासांत निम्मे पाणी येऊन जाते. ओहोटीच्या तळाआधी दीड तास निघावे आणि तळाची वेळ होताच परतीची पावले वळवावीत, हा नियम मी तेव्हापासून पाळते. निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी कोणाला तरी कुठे जात आहोत आणि कधी परतणार हे सांगून ठेवावे. यात दोन मिनिटे जातात, आणि आपण न परतल्यास कुठे शोधावे हे एका तरी माणसाला ठाऊक राहते.

समुद्राचे दुसरे वेळापत्रक वाऱ्याचे. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत येते, हे खारे वारे. रात्री उलट होते आणि पहाटेपर्यंत मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. म्हणून स्वच्छ हवामानात सकाळी पाणी बहुधा शांत असते आणि दुपारी लाटा उठू लागतात. छोट्या होडीतून जायचे असेल, तर सकाळची फेरी धरावी. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये उन्हाळ्याच्या दुपारी येणाऱ्या या वाऱ्याला लोक 'फ्रीमँटल डॉक्टर' म्हणतात, कारण तो आला की उकाड्याने हैराण झालेल्या शहराला आराम पडतो; तिथे शहरातली लांब पायपीट वारा सुटल्यावर करणे शहाणपणाचे आहे. केपटाऊनमध्ये मात्र वाऱ्याचा परिणाम उलट होतो. टेबल माउंटनवर नेणारी रज्जुमार्गाची सेवा 1929 पासून चालू आहे, पण जोराचा वारा असला की ती बंद ठेवतात, आणि डोंगरमाथ्यावर ढगांची चादर पसरली तर वर जाऊनही काही दिसत नाही. तिथे हे शिखर शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवणारे कित्येक प्रवासी ते न पाहताच परततात. हवामानावर अवलंबून असलेली गोष्ट ज्या दिवशी पहिल्यांदा शक्य होईल त्याच दिवशी उरकावी आणि संग्रहालये, चर्च, जुन्या हवेल्या पावसावाऱ्याच्या दिवसांसाठी ठेवाव्यात. एकट्याला बेत बदलायला कोणाची परवानगी लागत नाही, तेव्हा ही सवलत पूर्ण वापरावी.

शहर उंचावरून आणि तेही पहिल्याच दिवशी पाहावे, असे मला वाटते. एकट्या माणसाला रस्ता चुकण्याची धास्ती अधिक असते, आणि एकदा वरून किनाऱ्याची वळणे, बंदर, जुनी वस्ती यांची मांडणी डोळ्यांत बसली की नकाशा हातात धरून चौकात उभे राहावे लागत नाही. डोळे जमिनीपासून 1.7 मीटर उंच असतील तर क्षितिज जेमतेम 4.7 किलोमीटरवर असते. 100 मीटर उंचीवरून ते सुमारे 36 किलोमीटर दूर जाते. स्पेनमधल्या कादिसच्या व्यापाऱ्यांनी हेच ओळखून आपल्या घरांवर मनोरे बांधले, म्हणजे येणारी जहाजे लांबून दिसावीत. असे शंभराहून अधिक मनोरे आजही उभे आहेत आणि त्यांपैकी तोर्रे ताविरावर चढून सगळे जुने शहर पाहता येते. चिलीतल्या वालपाराइसोत टेकड्यांवर चढायला तिरप्या रुळांवरचे उद्वाहक आहेत. त्यांतला सर्वांत जुना 1883 चा आहे. मी तिथे एका उद्वाहकाने वर जाऊन पायऱ्यांनी खाली उतरत असे, दुसऱ्या टेकडीवर पुन्हा तेच, आणि दोन दिवसांत ते शहर मला पायांनी पाठ झाले होते.

उजेडाचा विचारही करावा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावरच्या इमारती सकाळी सावलीत असतात आणि दुपारनंतर उजळतात. पूर्वेकडच्या किनाऱ्यावर उलट.

पर्यटकांच्या नौकांपेक्षा शहरातले लोक ज्या बोटींनी रोज कामाला जातात त्या बोटी मी निवडते. इस्तंबूलमध्ये एमिनोन्यूहून काडीकॉयला जाणारी बोट साधारण वीस मिनिटांत युरोपातून आशियात नेते. जाताना उजवीकडे बसले तर तोपकापी राजवाडा आणि मशिदींचे घुमट पाण्यावरून हळूहळू सरकताना दिसतात. न्यूयॉर्कची स्टेटन आयलंड फेरी 25 मिनिटांच्या प्रवासात स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यासमोरून जाते. हाँगकाँगची स्टार फेरी तर त्याहून छोटी. या बोटींत एकटे बसलेले प्रवासीच अधिक असतात, त्यामुळे आपण एकटे आहोत हे कोणाच्या, आणि थोड्या वेळाने आपल्याही, ध्यानात राहत नाही. आपण विचारले नसले तरी प्रश्नामागे एकटे पडण्याची थोडी भीती असावी असे मला जाणवले, म्हणून हे मुद्दाम लिहिते. पहिल्या संध्याकाळी ती बहुतेकांना ग्रासते. त्या संध्याकाळी खोलीत बसण्याऐवजी अशा एखाद्या बोटीची एक फेरी करावी.

आता पोहण्याविषयी, कारण इथे एकटे असण्याने खरोखर फरक पडतो. जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर एकट्याने पाण्यात उतरू नये, पोहणे कितीही चांगले येत असले तरी. अनेक देशांत वर लाल आणि खाली पिवळा असे दुरंगी झेंडे जीवरक्षकांच्या नजरेखालचा भाग दाखवतात. त्या दोन झेंड्यांच्या मध्येच राहावे. लाल झेंडा म्हणजे धोका, दोन लाल झेंडे म्हणजे पाण्यात जाण्यास बंदी, आणि जांभळा झेंडा दिसला तर पाण्यात जेलीफिशसारखे त्रासदायक जीव आहेत असे समजावे. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे किनाऱ्याकडून आत ओढणारा चिंचोळा प्रवाह. लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा गडद आणि शांत दिसतो, आणि नवख्या माणसाला तीच जागा उतरायला सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात तिथूनच पाणी समुद्राकडे परतत असते, कधी सेकंदाला दोन मीटर इतक्या वेगाने. त्यात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये, तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि जमेल तर किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यावे. ओल्या, शेवाळलेल्या खडकांवर समुद्राकडे पाठ करून छायाचित्र काढण्याचा मोहही टाळावा. पारपत्र आणि पैसे मुक्कामीच ठेवावेत, कारण आपण पाण्यात असताना पिशवीवर लक्ष ठेवायला कोणी नसते.

रात्री मी वर्दळीच्या समुद्रमार्गावरच फिरते आणि दिवे संपले की मागे वळते. आपण स्त्री असाल तर हे अधिक कटाक्षाने पाळावे. पण रात्र वाया जात नाही. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते, म्हणजे खलाशाला अंधारात कोणते बंदर आले ते ओळखता येते. स्पेनच्या आ कोरुन्या शहरातले हर्क्युलिसचे दीपगृह रोमनांनी बांधले असून ते आजही वापरात आहे. त्याचा दिवा दर 20 सेकंदांत चार वेळा लुकलुकतो. मी तिथे बाकावर बसून घड्याळ हातात धरून ते मोजले होते, आणि शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी हसून बोटांनी चार असे दाखवले. भाषा येत नसतानाही आमचे तेवढे संभाषण झाले.

आपल्या तीस ठिकाणांच्या यादीतून बारा-तेरा ठेवावीत आणि त्यांतली निम्मी पाण्याच्या काठची असावीत. पहिल्या दिवशी पोहोचल्यावर किनाऱ्यावरची एक जागा निवडावी, तिथे ठरावीक वेळी काही काळ उभे राहावे आणि पाणी कोणत्या पायरीला लागले आहे ते ध्यानात ठेवावे. चौथ्या दिवशी निघण्यापूर्वी त्याच वेळी पुन्हा तिथे जावे. पहिल्या दिवशी नऊच्या सुमारास पूर्ण भरती असेल, तर चौथ्या दिवशी ती साडेअकराच्या सुमारास येईल, आणि नऊ वाजता त्या पायरीखालच्या आणखी काही पायऱ्या उघड्या दिसतील.