गोळ्या चालू ठेवा ताई, आणि प्रार्थनाही

अहिल्यानगरहून एका ताईंचं पत्र आलंय. 12 वर्षांच्या मुलीला फिट्स येतात, गोळ्या चालू आहेत. घरी प्रार्थनेला येणाऱ्या एका भावाने सांगितलं की हा सैतानाचा हल्ला आहे, तुमचा विश्वास कमी पडतोय, गोळ्या बंद करा. मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवून "नीघ, नीघ" असं जोरजोरात ओरडून प्रार्थना झाली. रात्री ती आईला विचारते, "मम्मी, माझ्यात सैतान आहे का?"

ताई, सलाम.

आधी एक काम करा, गोळी बंद केली असेल तर हे वाचायचं सोडून डॉक्टरांना फोन लावा. या गोळ्या अचानक बंद केल्या की न थांबणारी फिट येऊ शकते आणि त्यात जीवही जातो.

सैतान आहे हे मीही मानते, आत्मिक लढाईही मानते. पण बायबलात मत्तय 4:24 काढून बघा, येशूकडे कोणाकोणाला आणलं ते लिहिलंय, त्यात भूतग्रस्त वेगळे आणि फेफरेकरी, म्हणजे फिट येणारे, वेगळे आहेत. ते भाऊ तुम्हाला मत्तय 17 दाखवतील, फेफरं येणाऱ्या मुलाचं, आणि तिथे प्रभूने भूत काढलं हे खरंच आहे, पण त्याच्या पुढचं कोणी वाचून दाखवत नाही. शिष्यांनी विचारलं आम्हाला का नाही जमलं, तर प्रभू म्हणाला तुमच्या अल्पविश्वासामुळे. शिष्यांना म्हणाला हो! बरं करायला गेलेल्यांना. आजारी पोराला नाही. आणि मार्काच्या शुभवर्तमानात त्याच पोराचा बाप म्हणतो माझा विश्वास आहे, पण माझा अविश्वास घालव, एवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर प्रभूने त्याचं लेकरू बरं केलं.

प्रेषित पौलाने आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, आजारी असताना मिलेत शहरात मागे ठेवलं, दुसऱ्या सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं, आणि शुभवर्तमान लिहिणारा लूक तर वैद्यच होता. आपल्या पंडिता रमाबाईंना नीट ऐकू यायचं नाही, 1921 मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली, त्यांचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?

बायबलातल्या प्रकटीकरण 12 मध्ये सैतानाबद्दल लिहिलंय की तो रात्रंदिवस दोषारोप करतो. तुम्ही पत्रात लिहिलंय ना की झोप लागत नाही, माझ्याच कुठल्या पापामुळे लेकीला हे झालं असं सारखं वाटतं, तर ताई लढाई तिथे आहे. तिथे त्याला नाही म्हणा, प्रभूचं नाव घेऊन म्हणा.

लेकीला आजच जवळ घेऊन स्पष्ट सांगा, बाळा तुझ्यात सैतान नाही, हा मेंदूचा आजार आहे आणि येशू तुझ्याजवळ आहे. एकदा सांगून भागणार नाही, ती परत विचारेल, परत सांगा. त्या भावाशी तुम्ही एकट्या बोलू नका, मिस्टरांना आणि तुमच्या पाळकसाहेबांना सोबत घ्या, आणि तिच्या अंगावर ओरडून प्रार्थना यापुढे नाही म्हणजे नाही. हळू आवाजात केलेली प्रार्थनाही देवाला ऐकू जाते.

आणि फिट आली की तिला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, पाणी काही घालू नका, कांदा चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ हॉस्पिटल गाठा, प्रार्थना रिक्षात करा.